जुन्या मेथडिस्ट पाद्र्याची माहिती कशी काढायची: आधी बदल्या, बाकी सगळं मग

आमच्या घरात लहानपणापासून एक वाक्य ऐकत आलो, "आजोबा टेलर साहेबांच्या हाताखाली इंग्रजी शिकले." आजोबा गायकवाडी नोकरीत कारकून, घर बडोद्याच्या दांडिया बाजारात, आणि टेलर साहेब कोण हे विचारलं की सगळे छताकडे बघायचे. रिटायर झाल्यावर मला किडा चावला आणि नेटवर बसलो, तर पहिल्याच फटक्यात विल्यम टेलर सापडले, मेथडिस्ट (प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांतला एक पंथ), कॅलिफोर्नियात रस्त्यावर उभं राहून प्रवचनं देणारे, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका पालथी घालून १८७० मध्ये हिंदुस्थानात आलेले, पुढे आफ्रिकेचे बिशप. मी लगेच भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकून मोकळा, सहा महिने कॉलर ताठ. मग एक दिवस साधा हिशोब केला की हे साहेब १८७५ ला हिंदुस्थान सोडून गेले आणि आजोबांचा जन्मच १८९० चा!

तर हे लिहितोय ते ह्यासाठी की तुम्ही माझ्यासारखे सहा महिने घालवू नका. घरात जुन्या बायबलवर एखादी सही असते, शाळेच्या बक्षिसाच्या पुस्तकावर "रेव्ह." असतं, कोणाचे पणजोबा स्वतःच मिशनमध्ये प्रीचर असतात, आणि त्या माणसाचं आयुष्य लावायचं म्हटलं की लोक थडग्यापासून किंवा कोणीतरी लिहिलेल्या गुणगानापासून सुरू करतात. तिथून सुरू करू नका. मेथडिस्ट पाद्री हा बदलीचा माणूस आहे, बँकेतल्या किंवा रेल्वेतल्या माणसासारखा, त्याचं सर्व्हिस बुक आधी उभं करायचं.

पण त्याच्याही आधी एक काम, तो मेथडिस्ट होता का हे बघा. आपल्याकडे गोरा पाद्री म्हणजे सगळे एकच समजतात. गुजरातेत आयरिश प्रेस्बिटेरियन मिशन १८४१ पासून आहे आणि टेलर नावाची माणसं त्यांच्याकडेच जास्त. गुजराती व्याकरण लिहिणारे जोसेफ व्हॅन सोमरन टेलर त्यांचे, अहमदाबादचे जुन्या नाण्यांचे जाणकार जॉर्ज प्रिचर्ड टेलर पण त्यांचेच. आमच्या आजोबांचे टेलर बहुधा ह्याच गोटातले कोणीतरी, म्हणजे मेथडिस्ट नव्हेतच. इंदूरच्या लोकांनी तर अजून जपून राहावं, तिथलं जुनं मिशन कॅनडियन प्रेस्बिटेरियन, ख्रिश्चन कॉलेज त्यांचं. आणि मराठी माणसाला मिशन म्हटलं की रेव्हरंड टिळक आठवतात, ते अमेरिकन मराठी मिशनचे, त्यांचा मेथडिस्टांशी संबंध नाही.

बडोद्यात फतेहगंज, म्हणजे जुना कॅम्प, तिथे थोड्याथोड्या अंतरावर वेगवेगळ्या पंथांची चर्चेस आहेत आणि बाहेरच्या माणसाला सगळी सारखीच. अँग्लिकन चॅप्लेन हा सरकारी पगारावरचा माणूस, त्याचा धार्मिक विभाग वेगळा, पगार पेन्शन सगळं सरकारी कागदात. बिशप हेबर १८२५ मध्ये बडोद्याला येऊन गेले ते ह्या अँग्लिकन बाजूचे. मेथडिस्टाला सरकारी पगार नाही (पलटणीत काम करणाऱ्यांना थोडाफार भत्ता मिळायचा ते सोडा), म्हणून तो सरकारी यादीत दिसत नाही आणि लोक म्हणतात रेकॉर्डच नाही. रेकॉर्ड भरपूर आहे, तुम्ही चुकीच्या कपाटात हात घालताय.

आता मेथडिस्टातही दोन घरं आहेत, आणि जवळजवळ सगळे इथेच घसरतात.

एक ब्रिटिश वेस्लियन. त्यांचे थॉमस कोक १८१३ च्या अखेरीस सिलोनला निघाले, १८१४ मध्ये वाटेत जहाजावरच वारले, बरोबरची तरुण मंडळी मुंबईला उतरून पुढे गॉलला गेली. १८१७ मध्ये त्यांच्यातले जेम्स लिंच मद्रासला आले. ह्यांचं काम मुख्यतः सिलोन, मद्रास, म्हैसूर, हैदराबाद. दुसरं अमेरिकन मेथडिस्ट एपिस्कोपल. विल्यम बटलर १८५६ ला आले, बरेलीला बस्तान बसवतायत तोवर सत्तावन्नचं बंड, पळून नैनितालला. मग जेम्स थोबर्न १८५९ ला. मग आमचे विल्यम टेलर, ज्यांनी १८७१-७२ च्या सुमारास मुंबईत सभा घेऊन इंग्रजी बोलणाऱ्या, रेल्वेत आणि कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या लोकांच्या मंडळ्या उभ्या केल्या, परदेशातून पैसा नको, मंडळीने स्वतःच्या खिशातून पाद्री पोसायचा ह्या तत्त्वावर. मुंबई, पुणे, गुजरात, बडोदा ही सगळी अमेरिकन बाजू. तेव्हा बडोद्यातला मेथडिस्ट म्हटलं की ९५ टक्के अमेरिकन कपाट उघडायचं, लंडनचं नाही. (९५ हा माझा अंदाज हो, कुठल्या अहवालातला आकडा नाही.)

नावंही बदलत गेलीत, सर्च करताना सगळी टाकून बघा. १९३९ पर्यंत मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च, नंतर मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया, आणि १९८१ पासून मेथडिस्ट चर्च इन इंडिया. १९७० ला उत्तर भारतातले बरेच पंथ एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं त्यात हे गेले नाहीत. म्हणजे बडोद्यात जुन्या आयरिश मिशनचं आणि अँग्लिकनांचं रजिस्टर विचारायला सीएनआयकडे, मेथडिस्टाचं मेथडिस्टांकडे. मी उलटं केलं होतं, एका ऑफिसात तीन चकरा मारल्या, चौथ्या वेळी तिथल्या काकांनीच चहा पाजून सांगितलं की साहेब तुमचा माणूस आमचा नाहीच.

बरं, आता बदल्या. मेथडिस्टांची पद्धत समजली की अर्धं काम झालं. पाद्री मंडळीने निवडलेला नसतो, त्याला नेमणूक मिळते. दरवर्षी कॉन्फरन्स भरते, सगळे पाद्री जमतात, आणि अमेरिकन पद्धतीत शेवटच्या दिवशी बिशप उभा राहून यादी वाचतो, अमुक नडियाद, तमुक गोध्रा, फलाणा बडोदा. बायको सामान बांधून तयारच. ही यादी दरवर्षी छापायचे, मिनिट्स किंवा जर्नल म्हणतात त्याला, आणि ती प्रश्नोत्तरांच्या साच्यात असते. ट्रायलवर कोण घेतले? डीकन कोण झाले? एल्डर कोण? कोण वारले? कोण कुठे नेमले? साचा वर्षानुवर्षं तोच, एकदा डोळा बसला की एका जर्नलमधला तुमचा माणूस पाच मिनिटांत सापडतो.

पायऱ्या अशा. आधी एक्झॉर्टर, म्हणजे सभेत उठून चार शब्द बोलायची परवानगी. मग लोकल प्रीचरचं लायसन्स. मग कॉन्फरन्समध्ये ट्रायलवर दोन वर्षं, ते पार पडलं की कॉन्फरन्सचा पूर्ण सभासद आणि डीकन, आणखी दोन वर्षांनी एल्डर, आणि ह्या सगळ्या काळात ठरलेल्या पुस्तकांचा अभ्यास आणि दरवर्षी परीक्षा. ब्रिटिश वेस्लियनकडे प्रोबेशन ४ वर्षांचं, त्यात लग्न करायची परवानगी नाही, त्यामुळे वेस्लियन माणसाची लग्नाची तारीख सापडली की प्रोबेशन कधी संपलं ह्याचा अंदाज येतो, आणि उलटही. इंग्लंडातल्या सर्किटवर (सर्किट म्हणजे एकत्र बांधलेल्या मंडळ्यांचा गट) एका जागी जास्तीत जास्त ३ वर्षं. आपल्या सरकारी बदल्या ह्यांच्याकडूनच शिकलो की काय असं वाटतं कधीकधी.

आणि एक मजा, दरवर्षी कॉन्फरन्समध्ये प्रत्येकाचं नाव पुकारून त्याचं "कॅरेक्टर पास" करायचे. तुमचा सी.आर. (नोकरीतला गोपनीय अहवाल) भर सभेत वाचल्यासारखं. ज्या वर्षी पास झालं नाही किंवा पुढे ढकललं, त्या वर्षी काहीतरी घडलेलं असतं, ते वर्ष लाल पेनाने गोल करा. शब्दही नीट वाचा. "सुपरअॅन्युएटेड" म्हणजे थकून निवृत्त. "सुपरन्यूमररी" म्हटलं की अमेरिकन अर्थ वेगळा (आजारपणामुळे वगैरे तात्पुरता बाजूला) आणि ब्रिटिश अर्थ वेगळा (सरळ निवृत्त). "लोकेटेड" वाचून लोक समजतात की त्याला ठिकाण मिळालं, अर्थ नेमका उलटा, त्याने बदलीची नोकरी सोडली. "विथड्रॉन" च्या पुढे "तक्रार असताना" असं असेल तर मग गोष्ट आहे, पण जर्नलमध्ये ती मिळणार नाही.

वहीत किंवा एक्सेलमध्ये चार रकाने करा, वर्ष, ठिकाण, पद, आणि हे कुठे वाचलं. चौथा रकाना आळस करून सोडलात तर दोन महिन्यांनी कपाळावर हात. वर्षाच्या बाबतीत खास सांगतो, आपल्याकडच्या कॉन्फरन्सा बऱ्याचदा थंडीत, डिसेंबर-जानेवारीत भरायच्या, म्हणजे १८९५ च्या डिसेंबरात वाचलेली नेमणूक ही खरं म्हणजे १८९६ ची. हे कळलं नाही तर तुमचा माणूस एकाच वेळी पुण्यात आणि बडोद्यात दिसतो. शिवाय कॉन्फरन्सच्या हद्दी बदलत राहिल्या. १८७६ मध्ये साउथ इंडिया कॉन्फरन्स झाली तेव्हा मुंबई तिच्यातच, बॉम्बे कॉन्फरन्स वेगळी झाली ती १८९० च्या दशकात. तेव्हा १८८० मधला मुंबईचा पाद्री "साउथ इंडिया" ह्या नावाच्या जर्नलमध्ये शोधायचा. हे मला कोणी सांगितलं असतं तर!

एक नमुना देतो, विल्यम ओल्डम. जन्म बंगलोर १८५४, सरकारी सर्व्हेयर, कामानिमित्त पुण्यात, तिथे टेलरांच्या चळवळीतून निघालेल्या सभेत शिरले आणि आयुष्य फिरलं. नोकरी सोडून अमेरिकेत कॉलेज, परत आले, आणि १८८५ मध्ये थोबर्न त्यांना घेऊन सिंगापूरला गेले, दुसऱ्याच वर्षी अँग्लो-चायनीज स्कूल सुरू. १९०४ ला बिशप, १९१६ पासून दक्षिण अमेरिका, मृत्यू १९३७. आता हा माणूस सिंगापूरचा म्हणून तुम्ही सिंगापुरात शोधाल, पण सिंगापूरची नेमणूक झाली साउथ इंडिया कॉन्फरन्समधून. तक्ता मांडला की हे आपोआप दिसतं, आणि हेही दिसतं की ते इथेच जन्मलेले, "अमेरिकन मिशनरी" म्हणताना जन्मगाव कोणी बघत नाही.

अर्थात प्रत्येकाला तक्ता लागू पडत नाही. जॉर्ज बोवेन बघा. १८४८ मध्ये मुंबईला आले, अमेरिकन बोर्ड ह्या मिशन संस्थेचे मिशनरी म्हणून, थोड्याच दिवसात पगार घ्यायचा बंद केला, बाजारात एका खोलीत राहिले, मराठी शिकून रस्त्यावर मराठीत बोलायचे, लोक त्यांना फकीर म्हणायचे. टेलर आले तेव्हा मेथडिस्टांत सामील. १८८८ मध्ये मुंबईतच वारले, ४० वर्षांत एकदाही मायदेशी गेले नाहीत. ह्यांच्या तक्त्यात लिहिणार काय, मुंबई मुंबई मुंबई. अशा माणसासाठी वर्तमानपत्र पकडायचं, ते अनेक वर्षं बॉम्बे गार्डियनचे संपादक होते, माणूस तिथे सापडतो. मला स्वतःला ह्या सगळ्यांत बोवेनच सगळ्यात आवडतात, पण तो विषय निघाला की मी थांबत नाही म्हणून पुढे जातो.

हे जर्नल वगैरे मिळणार कुठे? इंटरनेट आर्काइव्हवर बरीच स्कॅन आहेत, फुकट. अमेरिकन मेथडिस्टांचं मुख्य अभिलेखागार न्यू जर्सीत मॅडिसन गावी ड्र्यू युनिव्हर्सिटीच्या आवारात आहे, ईमेल लिहिताना नीट लिहा, "माझ्या आजोबांच्या साहेबांची माहिती द्या" असं नको, नाव, कॉन्फरन्स, वर्ष, आणि नेमका प्रश्न. म्हणूनच तक्ता आधी. वेस्लियन मिशन सोसायटीचे कागद लंडनला सोआस ह्या कॉलेजात, आणि खुद्द इंग्लंडातल्या मेथडिस्टांचे मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स लायब्ररीत. बाप्तिस्मा, लग्न, दफन ह्यांच्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांत, मुंबई इलाख्याची मालिका एन-३, पण तिथे जास्त करून युरोपियन आणि अँग्लो-इंडियन, आपले देशी ख्रिस्ती फार थोडे. सर्च करताना जुनी स्पेलिंगं टाका, बडोद्याचं बरोडा हे सगळ्यांना माहीत असतं पण भरूचचं ब्रोच, खंभातचं कॅम्बे, गुजरातचं गुझेरात हे विसरतात.

मृत्युलेख मिळाला की लोकांना वाटतं संपलं काम. तो वाचा, पण सासरच्या लोकांनी लिहिलेल्या श्रद्धांजलीसारखा वाचा. सगळे गोड, सगळे कष्टाळू, सगळे शांतपणे प्रभूकडे गेले. त्यात तारखा घ्या, गावं घ्या, विशेषणं तिथेच ठेवा. मग तक्ता शेजारी ठेवून बघा काय गाळलंय. मी एकांचा लेख वाचला (नाव सांगत नाही, घरचे लोक आहेत अजून), त्यात "गुजरातेत फलदायी सेवा" एवढंच, आणि तक्त्यात मधली २ वर्षं कोरी. तेवढ्या कोऱ्या जागेवर मी अख्खा पावसाळा घालवला.

बायका यादीत नसतात हे पण ध्यानात ठेवा. पाद्र्याची बायको शाळा चालवते, दवाखान्यात बसते, आणि जर्नलमध्ये तिचा उल्लेख म्हणजे फक्त "मिसेस". त्यांच्यासाठी महिला मिशन सोसायटीचे अहवाल बघा, ही सोसायटी १८६९ मध्ये बॉस्टनला सुरू झाली, डॉक्टर क्लारा स्वेन आणि इझाबेला थोबर्न ह्यांनीच पाठवलेल्या. बडोद्याच्या मिशन हॉस्पिटलला नाव आहे ते मिसेस विल्यम बटलर ह्यांचं, आता एवढं मोठं नाव इमारतीवर आणि त्यातही नवऱ्याचंच नाव पुढे, त्यांचं स्वतःचं नाव क्लेमेंटिना होतं. पत्नीची पत्रं मिळाली तर नवऱ्याच्या दहा रिपोर्टांपेक्षा जास्त कळतं, भाव काय होते, कोण आजारी, कोणाशी पटत नव्हतं.

आता गावातलं काम. चर्चमध्ये गेलात की पास्टर साहेबांना "फादर" म्हणू नका, फादर कॅथलिकांचे. इथे पास्टर किंवा रेव्हरंड म्हणा, गुजराती ख्रिस्ती मंडळी पाळक म्हणतात, ते पण चालेल. रविवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी जाऊन रजिस्टर मागू नका, तेव्हा त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, मंगळवार-बुधवार फोन करून जा. आणि रजिस्टर घरी न्यायला मागू नका कधीच. तिथेच बसून पेन्सिलने उतरवा. म्हातारी माणसं भेटली तर सन विचारू नका, ती दुष्काळाने मोजतात. "छप्पनियाच्या वेळी आजोबांना मिशनने घेतलं" म्हणजे संवत १९५६ चा दुष्काळ, १८९९-१९००, त्या वेळी गुजरातभर मिशनांनी अनाथ पोरं सांभाळली आणि पुष्कळ घराण्यांची गोष्ट तिथूनच सुरू होते. गुजराती संवत कार्तिकात बदलतो, तेव्हा दिवाळीनंतर डिसेंबरपर्यंत असेल तर ५७ वजा करा, जानेवारीपासून पुढे असेल तर ५६.

थडग्याचा दगड वाचायचा तर तारेच्या ब्रशने घासू नका, अॅसिड तर नकोच नको, मी एकाला अॅसिड मारताना बघितलंय आणि अक्षरं धुऊन गेलेली पण बघितलीत. सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असतं, अक्षरांची सावली पडते, थोडं साधं पाणी शिंपडा, मोबाईलचा टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने धरा आणि दुसऱ्याला फोटो काढायला सांगा. पावसाळ्यात जाऊच नका, गवतात काय असेल सांगता येत नाही.

इथे एक गोष्ट आपल्या मराठी लोकांच्या फायद्याची. बडोदा हे संस्थान, ब्रिटिश मुलूख नव्हे, त्यामुळे कॅम्पच्या बाहेर मिशनला जमीन, शाळा, विहीर काहीही हवं असेल तर दरबारात अर्ज. त्यातले जुने कागद मोडीत आहेत. गोऱ्या संशोधकाला तिथे काही कळत नाही, तुम्हाला मोडी येत असेल तर तुम्ही राजे. बडोद्याच्या कोठीत संस्थानाचं जुनं दप्तर आहे, तिथे चौकशी करा, अर्ज करावा लागतो, वेळ लागतो, डबा बरोबर न्या. रेसिडेन्सीचे (दरबारात नेमलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या कचेरीचे) कागद मात्र दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागारात, त्यांचं अभिलेख पटल नावाचं पोर्टल घरबसल्या चालतं. मांडवीची सेंट्रल लायब्ररी पण सोडू नका, सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन साहेबांना आणून ग्रंथालयांची घडी बसवली, संस्थानाचे छापील वार्षिक अहवाल आणि सेन्सस तिथे विचारा. मिशनवाले आपले आकडे मिशनच्या चष्म्यातून देतात, दरबार आपल्या, दोन्ही शेजारी ठेवायचे.

तुमचे पणजोबा देशी प्रीचर असतील तर वर सांगितलेलं सगळं लागू, फक्त दुप्पट चिकाटी लागते. बाप्तिस्म्यात नाव बदललेलं, आडनाव कधी बापाचं नाव, इंग्रजी स्पेलिंग दर वर्षी वेगळं. नावामागे धावू नका, ठिकाणामागे धावा. आमच्या बँकेतल्या एका फतेहगंजच्या मित्राच्या पणजोबांचं नाव तीन जर्नलांत तीन तऱ्हेने होतं, पण सर्किट एकच आणि वरचा साहेब एकच, त्यावरून जुळलं. बरेच जण कॉन्फरन्सचे सभासद झालेच नाहीत, लोकल प्रीचर किंवा पास्टर-मास्तर म्हणून राहिले, म्हणजे सकाळी शाळा, संध्याकाळी प्रार्थना, ते मुख्य यादीत नसून जिल्ह्याच्या अहवालात मागच्या पानांवर बारीक टाइपात असतात. साहेब ३ वर्षांनी बदलून जायचा, हा माणूस तिथेच. साहेबाच्या अहवालात "आमच्या कामाला" म्हटलं की ते काम बऱ्याचदा ह्याने केलेलं असतं, तेव्हा दोघांचे तक्ते एकाच कागदावर मांडा.

लिहून झालं की तीन प्रती काढा, एक घरात, एक त्या चर्चला, एक लायब्ररीत. माझी लायब्ररीची प्रत अजून द्यायची राहिलीये, कारण त्या दोन कोऱ्या वर्षांपैकी एक भरलं, साहेब आजारी पडून डोंगरावर गेले होते, दुसरं अजून तसंच आहे.